मराठी शाळेंतील इंग्रजी

लहान मुलाला परकी भाषा कोणत्या इयत्तेपासून शिकवावी, हा प्रश्न आज घरोघरीं चर्चिला जातो. आपल्याकडे तो एका जुन्या वादाच्या पोटांतून निघाला आहे. १८४७ च्या सुमारास मुंबईच्या शिक्षणमंडळांत माध्यमाचा वाद पेटला. उच्च ज्ञान इंग्रजींतूनच द्यावें, असें अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचें मत. तर विद्या बहुजनांपर्यंत पोंचावयाची असेल तर ती देशी भाषेंतूनच गेली पाहिजे, असें जगन्नाथ शंकरशेट यांचें. कर्नल जर्व्हिस हे इंग्रज असूनही शंकरशेटांच्या बाजूस होते. शंकरशेट मात्र इंग्रजीचे वैरी मुळींच नव्हते, हें विसरतां कामा नये.

त्या वादांत पूर्ण जय कोणाचाच झाला नाहीं. पुढें जी व्यवस्था रूढ झाली तींत मराठी चौथीनंतर दोन वाटा फुटत. एका वाटेनें मुलगा 'इंग्रजी पहिलीं'त बसे व सातव्या वर्षीं मॅट्रिक होई. श्रोतेहो, आपल्या आजोबा-पणजोबांच्या जुन्या कागदांत 'इंग्रजी तिसरी' असे शब्द आढळले तर त्याचा अर्थ आजची सातवी! दुसरी वाट मराठी सातवीची, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलची. प्राथमिक शाळांचे गुरुजी बहुधा याच वाटेनें येत. म्हणजे ज्यानें मुलांना अक्षरओळख करून द्यावयाची, त्याला स्वतःला इंग्रजी बेताचीच येई; आणि त्याचें कोणास कांहीं वाटतही नसे, कारण त्याच्या वर्गांत ती भाषा नव्हतीच.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असतांना इंग्रजी पांचवीवरून आठवीवर गेली. हेतु उदात्त होता, पण ऐपतदार पालक इंग्रजी शाळांकडे वळले. एतद्देशीय मुलांना त्या शाळांचीं दारें बंद करणारें परिपत्रक सरकारनें १९५४ सालीं काढलें. तें सर्वोच्च न्यायालयानें त्याच वर्षीं रद्द ठरविलें. खेड्यांतल्या मुलापुढें मात्र असली निवड कधींच नव्हती. महाराष्ट्रांत इंग्रजी पुन्हां पांचवींत आली, आणि जून २००० पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असतांना, ती मराठी शाळेच्या पहिलींत आली.

मोरे यांचा मुद्दा रास्त होता: शहरांतल्या मुलाला जें मिळतें तें खेड्यांतल्याला कां मिळूं नये? पण त्या दिवशीं वर्गांत उभे असलेले गुरुजी व बाई स्वतः इंग्रजी शिकूं लागले होते ते पांचवींत, आणि त्यांतले वयस्क तर आठवींत. मुळाक्षरें शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या माणसाला आतां परक्या भाषेचे उच्चार सहा वर्षांच्या मुलांच्या जिभेवर बसवावयाचे होते. बाळपणीं कान तीक्ष्ण असतात हें खरें. पण त्या कानांवर पडावयाचें तें याच गुरुजींचें इंग्रजी.

तरीही पटसंख्येची गळती थांबेना, तेव्हां कित्येक मराठी शाळांनीं 'सेमी-इंग्रजी' काढली: गणित आणि विज्ञान इंग्रजींतून, बाकी मराठींतून. पेरी आणि शंकरशेट यांची वांटणी आतां एकाच वेळापत्रकांत, तास वांटून, चालूं झाली आहे.