पॉसायडनची जागा कोल्हापुरातच

कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयातली पॉसायडनची कांस्यमूर्ती वीतभरही उंच नाही. ग्रीकांच्या या समुद्रदेवाच्या हातातला त्रिशूळ हरवला आहे. तो धरण्यासाठी उंचावलेला हात मात्र शाबूत आहे. एवढी दुर्मीळ वस्तू दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संग्रहालयात असती, तर लाखो लोकांनी पाहिली असती, असे म्हटले जाते. मला ते पटत नाही. तिथे ती परदेशी शिल्पकलेचा एक सुबक नमुना ठरली असती; कोल्हापुरात ती या गावाच्या इतिहासाचा पुरावा आहे.

पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1944मध्ये कांस्यवस्तूंचा साठा सापडला. त्यात या मूर्तीबरोबर रोमन घडणीची भांडी होती आणि हत्तीवर बसलेल्या स्वारांचे अस्सल देशी शिल्पही होते. पुढे 1945-46मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी इथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकाळापासून बहमनीकाळापर्यंतच्या वस्तीचे थर उलगडले. हे अवशेष जपण्यासाठीच संग्रहालय उभे राहिले. हा साठा मोडीतल्या धातूचाही असू शकेल, एका मूर्तीवरून रोमशी व्यापार कसा सिद्ध होणार, ही शंका रास्त आहे. पण मोडीत निघालेली वस्तूही आधी कोणीतरी बंदरात उतरवून घाट चढवून आणलेली असते. कोल्हापूरचा हात थेट रोमपर्यंत पोचत होता असे यावरून म्हणता येणार नाही. किनाऱ्यावरचा माल इथवर येत होता, एवढे नक्की म्हणता येते. हा तोल सांभाळायचा तर मूर्ती, शेजारची खापरे आणि इथल्या प्राचीन कुर राजांची नाणी एकत्रच पाहायला हवीत.

दुसरा आक्षेप इमारतीवर आहे. 1872 ते 1876 या काळात बांधलेला, इंग्रजी गॉथिक धाटणीचा हा काळ्या दगडाचा हॉल सार्वजनिक सभांसाठी होता. त्यात सातवाहनांचे अवशेष उपरे दिसतात, असे काहींना वाटते. पण परकी घडण स्थानिक जीवनात मिसळण्याची या गावाची रीत ब्रह्मपुरीइतकीच जुनी आहे, आणि ही वास्तूही त्याच इतिहासाचा अलीकडचा थर आहे. मूर्तीच्या देखभालीची काळजी खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे जिल्ह्याच्या संग्रहालयांना प्रशिक्षित माणसे आणि पुरेसा निधी देणे. शासनाने ते द्यावे. कोल्हापूरकरांनीही टाऊन हॉल पाहून झाल्यावर मुलांना ब्रह्मपुरीवर न्यावे.