दादांची रायफल आणि भातकुलीची हरणं

मागच्या हिवाळ्यात भातकुलीजवळ एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या वावरात उभा होतो. हरभरा नुकताच फुलावर आला होता आणि अर्ध्या वावराचे शेंडे रात्रीतून खुडलेले होते. हरणांचा कळप येऊन गेला होता. जागलीवर रात्र काढलेला तो माणूस तांबारलेल्या डोळ्यांनी म्हणाला, "काय सांगू भाऊ, तुमचे दादा असते तं हे पाळी नसती आली. त्याईच्यापाशी मिल्ट्रीची रायफल होती म्हनतेत."

दादा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. त्यांच्या मिलिटरीच्या रायफलीची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. शाळेत असताना या गोष्टीचा अभिमान वाटायचा. आता तसं वाटत नाही. काही वर्षांपूर्वी जुन्या वर्गमित्रांच्या एका गटात कुणीतरी हीच गोष्ट लिहिली आणि खाली हसण्याची चिन्हं टाकून विचारलं, "मग आता ती कुठं पुरून ठेवलीय?" बाकीचेही हसले. मला हसू आलं नाही. मुसलमानाच्या घरात लष्करी हत्यार होतं, हे वाक्य आजच्या दिवसांत नुसती शिकारकथा राहत नाही. म्हणून ठरवलं, या गोष्टीत खरं किती ते एकदा तपासून बघायचं.

आधी बाहेरच्या जगाकडे बघू. सैन्यातून निघालेल्या जुन्या रायफलींनी हरणं मारणं ही अमेरिकेत आणि कॅनडात अगदी सामान्य गोष्ट होती. दोन महायुद्धांनंतर लाखो रायफली सरकारांना नकोशा झाल्या. इंग्रजांची ली-एन्फील्ड, जर्मनांची माउझर, इटलीची कार्कानो या बंदुका अमेरिकेत टपालाने मागवता येत. शेतकरी, कामगार ती स्वस्त रायफल घ्यायचे, लाकूड थोडं तासून हलकी करायचे आणि हिवाळ्यात हरणामागे जायचे. १९६३ साली अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला तो अशाच टपालाने मागवलेल्या कार्कानोने. पुढे १९६८ च्या कायद्याने हा बाजार तिथेही आवळला गेला. तोवर सैन्याची बंदूक खाली उतरत उतरत शेवटी सामान्य माणसाच्या हातात पोचायची.

आपल्याकडेही सैन्याची बंदूक खाली उतरायची, पण शेवटची पायरी मुद्दाम तोडलेली होती.

हे समजायला वऱ्हाडासारखा दुसरा मुलूख नाही, कारण वऱ्हाड इंग्रजांकडे गेला तोच एका फौजेच्या खर्चापायी. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती. तिच्या पगाराची बाकी थकत गेली आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा वसूल त्या खर्चासाठी इंग्रजांकडे लावून दिला गेला. या फौजेची एक छावणी एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला होती. १९०२ साली वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने गेला, आणि पुढच्याच वर्षी कंटिंजंट इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विरून गेली.

१८५७ नंतर हिंदी शिपायाच्या हाती गोऱ्या सोजिराच्या तोडीची बंदूक द्यायची नाही, असं सरकारचं धोरण होतं. गोऱ्याला मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा हिंदी शिपायाला जुनी स्नायडर मिळाली. गोऱ्याच्या हातात ३०३ बोरची नवी रायफल आली तेव्हा उतरलेली मार्टिनी हिंदी शिपायाकडे आली. तिथून जुनं हत्यार पोलिसांकडे जायचं. ही रीत स्वातंत्र्यानंतरही फारशी बदलली नाही. सैन्याने कधीच सोडलेली थ्री नॉट थ्री २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत पोलिसांच्या हाती होतीच.

पोलिसांच्या खाली मात्र दार बंद. १८७८ च्या हत्यार कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येईना. गोऱ्यांना या कायद्यातून बराच काळ सूट होती. शिवाय सैन्याची काडतुसं ज्या बंदुकीत बसतील ती बंदूकच लोकांत नको, हाही नियम आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारने ४५० बोरच्या रायफली हिंदुस्थानात आणायला बंदी केली, कारण त्यांचा दारूगोळा बंडखोरांकडच्या मार्टिनीला उपयोगी पडेल ही भीती. या बंदीमुळे लंडनच्या बंदूकवाल्यांना हिंदुस्थानात शिकारीला येणाऱ्या साहेबांसाठी ४६५, ४७० अशी नवी मापं काढावी लागली. ३०३ चंही तेच. ते माप सैन्याचं, म्हणून खासगी माणसाला मना. आजही ते निषिद्ध बोरमध्येच मोडतं.

मग दादांकडे काय होतं?

रायफल घरात नाही. दादा गेल्यावर ती रीतसर जमा झाली आणि परवानाधारक दुकानदारामार्फत विकली गेली. अब्बांकडे उरली होती पितळेची एक रिकामी पुंगळी, म्हणजे झाडलेल्या काडतुसाचं टरफल. आम्ही लहानपणी ती ओठाला लावून शिटी वाजवायचो. या वेळी ती शोधून काढली आणि मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी लावली. लांबी पन्नास मिलिमीटर, वर एक केस. बुडावर 'केएफ' ही अक्षरं.

३०३ ची पुंगळी छप्पन्न मिलिमीटरची असते. म्हणजे ती ३०३ नव्हती. पन्नास मिलिमीटरची पुंगळी ३१५ बोरची. केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपल्या पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना, १८६९ पासून चालू असलेला.

या ३१५ ची कुळकथा मजेदार आहे. परवानाधारक शिकाऱ्याला चांगली रायफल तर विकायची, पण तिच्यात सैन्याचं काडतूस बसता कामा नये, असा पेच होता. त्यावर तोड निघाली ती अशी. रायफलीचा सांगाडा, तिचा खटका, तिचा बोल्ट सगळं सैन्याच्या ली-एन्फील्डचं ठेवलं. नळी मात्र आठ मिलिमीटर मॅनलिखर काडतुसाची बसवली. हे काडतूस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं, म्हणजे हिंदुस्थानातल्या कुठल्याच पलटणीच्या कामाचं नाही. आधी अशा रायफली इंग्लंडमध्ये बनून यायच्या. स्वातंत्र्यानंतर कोलकात्याजवळच्या इशापूर रायफल कारखान्यात बनू लागल्या.

तेव्हा लोक सांगत होते ते अर्धं खरं निघालं. दादांच्या खांद्यावरची रायफल दिसायला हुबेहूब मिलिटरीची होती. ज्याने थ्री नॉट थ्री पाहिली असेल त्याला फरक कळला नसता. पण ती सैन्यातून आलेली नव्हती आणि सैन्याची गोळी तिच्यात बसत नव्हती. सरकारने परवाना देऊन विकत घेऊ दिलेली, नोंदवहीत नंबर असलेली ती बंदूक होती.

तीही गावात एखाद्याकडेच. बाकी लोकांकडे ठासणीची बंदूक, फार तर बारा बोरची दुनळी. फासेपारधी तर बंदुकीशिवायच हरीण धरायचे, बैलाच्या आडोशाने कळपाजवळ जाऊन फास लावून. १८७१ च्या कायद्याने त्या जमातीलाच जन्मजात गुन्हेगार ठरवलं, आणि तो शिक्का कागदावरून पुसायला १९५२ उजाडलं. लोकांच्या मनातून तो अजून गेलेला नाही. कोणाच्या हातातल्या साधनाला शिकार म्हणायचं आणि कोणाच्या साधनाला गुन्हा, हे बऱ्याचदा माणसाचं नाव ऐकून ठरतं.

रायफलीबद्दल आमच्या घरातली आणखी एक आठवण सांगतो. अब्बा सांगायचे, गोळी सुटली की दादा बंदूक दुसऱ्याच्या हातात देऊन सुरी घेऊन धावायचे. कारण हनफी फिकहप्रमाणे बिस्मिल्ला म्हणून सोडलेल्या तीक्ष्ण बाणाने मेलेली शिकार हलाल, पण गोळीच्या आघाताने मेलेली नाही. तिच्यात जीव असताना जिबह झालं पाहिजे. गंमत अशी की बंदूक हा शब्दच अरबी 'बुंदुक' वरून आलेला. जुन्या ग्रंथांत त्याचा अर्थ मातीची गोळी, आणि तिने मेलेली शिकार खायला मनाच आहे. टोकदार गोळीला मुभा देणारे विद्वानही आहेत, पण आमच्याकडे जुनाच मसला पाळला जायचा. सांगायचं इतकंच की दूरवर मारा करणारी रायफल हलाल मटणासाठी फार सोयीची नव्हती. हरीण दोनशे पावलांवर पडलं आणि पोचेपर्यंत थंड झालं, तर ते तिथेच सोडून यावं लागे. अब्बा म्हणायचे, अशा दिवशी दादा घरी आल्यावर कोणाशी बोलत नसत. एक जीव फुकट गेला, एवढंच म्हणायचे.

असे जीव बरेच गेले असणार. दादांची बाजू मांडताना हे मला लपवायचं नाही. जीप, दिव्याचा झोत आणि लांब पल्ल्याची रायफल एकत्र आली तेव्हा काळविटाच्या वेगाचा काही उपयोग राहिला नाही. साहेबांनी मारले, नवाब-जमीनदारांनी मारले, आपल्या लोकांनीही मारले. ज्या माळांवर शेकड्यांनी कळप असत ते देशभर ओस पडले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत गेलं. अब्बांच्या सांगण्यानुसार दादांनी त्यानंतर रायफल फक्त साफ करण्यासाठी काढली. कायद्याची भीती होतीच, पण ते म्हणायचे की हे आधीच व्हायला हवं होतं.

आता भातकुलीच्या त्या वावरात परत येऊ. हा खारपाणपट्टा. जमिनीखालचं पाणी खारट, त्यामुळे विहिरीचा आधार नाही. पावसाची ओल धरून ठेवणाऱ्या काळ्या मातीवर हरभरा येतो, तेवढंच रब्बीचं पीक. ते हरणाने खाल्लं तर दुबार पेरणीला पाणी आणायचं कुठून? १९५९ च्या हत्यार कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय आहे. पण काळविटावर ती चालवता येत नाही. पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोका झाला, किंवा बरा न होण्यासारखा जखमी वा रोगी असला, तरच मारण्याची परवानगी मिळू शकते. पीक खाल्लं हे कारण तिथे पुरत नाही, आणि पुरू नये असंच मला वाटतं. पण मग वाचवलेल्या हरणाचा चारा एकट्या शेतकऱ्याने का पुरवायचा? हरीण साऱ्या देशाचं असेल तर हरभऱ्याची भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळणं हा उपकार नव्हे. तो त्याच कायद्याचा दुसरा अर्धा भाग आहे.

पुढच्या खेपेला मी ती पुंगळी खिशात घालून भातकुलीला गेलो. त्या शेतकऱ्याला पट्टी लावून दाखवली, सगळी हकीकत सांगितली. त्याने पुंगळी उलटसुलट करून पाहिली.

"म्हंजे मिल्ट्रीची नोतीच?"

"नव्हती. परवान्याची होती."

"मंग लोक काऊन म्हनत होते?"

"दिसायला तशी होती म्हणून."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग पुंगळी परत देत म्हणाला, "आता कोनी म्हनलं तं मी सांगीन त्याईले." आणि टॉर्च अन् वाजवायचा पत्र्याचा डबा घेऊन तो जागलीवर निघाला.