सॉफ्टवेअर-स्थापना, सर्व्हरवरील
जालाद्वारे इतर संगणकांना सेवा पुरविणाऱ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, आज्ञावली बसवून ती कार्यान्वित करण्याची प्रक्रिया. तिच्या दोन प्रमुख पद्धती आहेत : माणसाला वाचता येणारी मूळ संहिता आणून ती त्याच सर्व्हरवर कंपायलरच्या साहाय्याने यंत्रभाषेत उतरविणे, ही पहिली, अन्यत्र यंत्रभाषेत उतरविलेले तयार द्विमान पॅकेज बसविणे, ही दुसरी. आज्ञावलीची खात्री कोणी द्यावयाची व तिची निगा कोणी राखावयाची, हा प्रश्न या पद्धतींच्या इतिहासात वारंवार उपस्थित झाला.

पूर्वेतिहास : बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये आरंभ झालेली युनिक्स ही परिचालन प्रणाली १९७३ मध्ये बव्हंशी सी भाषेत पुन्हा लिहिली गेली. त्यामुळे निरनिराळ्या रचनेच्या यंत्रांवर ती नेणे सुकर झाले. विद्यापीठांना ती मूळ संहितेसह मिळत असे. संहितेच्या बदललेल्या भागांपुरतेच काम पुन्हा करणारी ‘मेक’ ही आज्ञावली स्ट्यूअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये तयार केली. उलट, आयबीएम कंपनीने १९८३ मध्ये आपल्या आज्ञावली केवळ द्विमान रूपात देण्याचे धोरण जाहीर केले. त्याच वर्षी रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त संहितेच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली.

पॅकेजांचा उदय : लिनस टोर्व्हाल्ड्स यांच्या लिनक्सच्या (१९९१) प्रसारानंतर डेबियन (१९९३) व रेड हॅट यांसारख्या वितरणांनी पॅकेज-पद्धती रूढ केली. पॅकेजात द्विमान फायलींबरोबर आवृत्तिक्रमांक आणि आवश्यक अशा इतर पॅकेजांची यादी असते; त्यामुळे आज्ञावली बसविणे, बदलणे व काढून टाकणे सोपे होते. फ्रीबीएसडीची पोर्ट्स पद्धती (१९९४) व जेंटू यांनी संहितेपासून उभारणी करण्याचे काम स्वयंचलित केले. या मार्गाने हवे तेवढेच घटक निवडता येतात व विशिष्ट प्रक्रियकास अनुरूप रचना साधते; मात्र वेळ अधिक लागतो.

विश्वासार्हता : निर्दोष संहितेतूनही दूषित कंपायलर छुपी पळवाट निर्माण करू शकतो, हे केन टॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्यूरिंग पारितोषिक-व्याख्यानात दाखविले. डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजात २००६ मध्ये केलेल्या फेरफारामुळे एका प्रकारच्या व लांबीच्या गुप्त किल्ल्यांची संख्या सु. ३२,००० वर आली. हा दोष मे २००८ मध्ये उघडकीस आला. मूळ संहिता स्वतः उतरविणारे त्यातून बचावले. एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झालेला ‘हार्टब्लीड’ दोष मात्र ओपनएसएसएलच्या मूळ संहितेतच होता. तेव्हा पॅकेज वापरणाऱ्यांना सुधारित आवृत्ती वितरणाकडून मिळाली. इतरांना प्रत्येक सर्व्हरवर उभारणी पुन्हा करावी लागली. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या आज्ञावलीच्या प्रसृत संहिता-संचात घातक भाग आढळला. तो कार्यान्वित करणारा दुवा सार्वजनिक संहिता-भांडारात नव्हता. म्हणजे संहिता हाती असणे हीदेखील पुरेशी हमी ठरली नाही.

सद्यःस्थिती : सर्व्हरवर सर्वसाधारणपणे द्विमान पॅकेजे आणि विशेष गरजेपुरती संहितेपासून उभारणी, असा व्यवहार रूढ आहे. एकाच संहितेतून कोणीही, कोठेही उभारणी केली तरी तंतोतंत तेच द्विमान रूप मिळावे, यासाठी डेबियनमध्ये २०१३ पासून प्रयत्न सुरू आहेत. ते साधेल तेथे तयार पॅकेज त्याच्या संहितेशी ताडून पाहता येते व दोन्ही पद्धतींतील अंतर कमी होते.