प्रतिजैविकयुक्त अस्थि-सिमेंट

कृत्रिम सांधा हाडात पक्का बसवण्यासाठी वापरले जाणारे, प्रतिजैविक मिसळलेले पॉलिमेथिल मेथाक्रिलेटाचे संमिश्र. व्यवहारात ‘बोन सिमेंट’. ते हाडाला डिंकासारखे चिकटत नाही. जाळीदार हाडाच्या पोकळ्यांत शिरते व तेथेच घट्ट होते.

घटक : सामान्यतः ४० ग्रॅम भुकटी व २० मिलिलिटर द्रव. भुकटीत बहुवारिकाचे कण, बेंझॉइल पेरॉक्साइड आणि क्ष-किरण चित्रात दिसण्यासाठी बेरियम सल्फेट किंवा झिर्कोनियम डायॉक्साइड. द्रवात मुख्यतः मेथिल मेथाक्रिलेट. दोन्ही कालवताच बहुवारिकीकरण सुरू होऊन मिश्रण तापते. ही उष्णता सोसणारी व पाण्यात विरघळणारी औषधेच उपयोगी पडतात : जेंटामायसिन, टोब्रामायसिन, व्हँकोमायसिन.

इतिहास : जॉन चार्नली यांनी इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकाअखेर खुब्याचा सांधा साध्या सिमेंटने बसवला. त्यात प्रतिजैविक मिसळण्याविषयीचा बूखहोल्ट्स व एंगेलब्रेख्ट (हॅम्बुर्ग) यांचा निबंध १९७० चा. पुढे क्लाउस क्लेम यांनी अस्थिसंसर्गासाठी जेंटामायसिनयुक्त मण्यांची माळ रूढ केली.

औषध-मोचन : घट्ट झालेल्या सिमेंटमधून औषध पृष्ठभागालगतच्या थरातून, छिद्रांतून व भेगांतूनच सुटते. पहिल्या काही तासांत ते भरभर येते, नंतर नुसते झिरपते. बहुतांश साठा आतच अडकून राहतो. छिद्रे वाढवली तर औषध अधिक सुटते, पण सिमेंट ठिसूळ होते. निर्वातात कालवल्यास याच्या उलट. संमिश्र बनवणाऱ्याची खरी कसोटी येथेच आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार घट्ट सिमेंटचे दाबबल किमान ७० मेगापास्कल असावे लागते. ४० ग्रॅम भुकटीत ग्रॅमभर औषध सहसा निभते. संसर्गग्रस्त सांधा काढल्यावर तात्पुरत्या बसवायच्या ‘स्पेसर’मध्ये मात्र कित्येक ग्रॅम घालतात, कारण त्यावर कायमचा भार नसतो. औषध भुकटीच्या रूपातच मिसळावे. द्रवरूप जेंटामायसिनमधील पाण्याने बळ बरेच घटते. केवळ दाबबल पाहून समाधान मानणेही बरे नव्हे : चालताना पडणाऱ्या आवर्ती भाराखाली भेगा ती मर्यादा गाठण्याआधीच वाढू शकतात.

वापर : पुनर्शस्त्रक्रियेत व स्पेसरमध्ये रूढ. पहिल्याच सांधारोपणात सरसकट वापरावे की नाही, याविषयी मतभेद आहेत. दीर्घकाळ अल्प प्रमाणात सुटणाऱ्या औषधामुळे प्रतिरोधी स्टॅफिलोकोकाय जीवाणू निवडले जाण्याची शक्यता सांगितली जाते.

अन्य जंतुरोधी द्रव्ये : चांदीचे अतिसूक्ष्म कण, कायटोसान, चतुर्थक अमोनियम संयुगे, प्रामुख्याने संशोधनावस्थेत.

शरीरात विरघळणारे पर्याय : कॅल्शियम सल्फेटाचे मणी; ॲक्रिलिक सिमेंटच्या मण्यांच्या उलट ते पुन्हा शस्त्रक्रिया करून काढावे लागत नाहीत.