सुरतेस आलेला डोडो आणि मॉरिशसचे हरवलेले अरण्य

डोडो पक्षी नामशेष झाला, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तो जिवंतपणी भारतात येऊन गेला होता, ही गोष्ट मात्र फारशी कुणाच्या ध्यानी नसते. १६२८ ते १६३४ या काळात हिंदुस्थानात वावरलेला इंग्रज प्रवासी पीटर मंडी याने सुरतेत दोन डोडो पाहिल्याची नोंद करून ठेवली आहे.

याहून बोलका पुरावा रशियात आहे. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयातील एका मुघल चित्रात पट्टकदंब हंस आणि इतर पक्ष्यांच्या मधोमध डोडो उभा आहे. चित्रावर स्वाक्षरी नाही. परंतु ते जहांगीराच्या दरबारातील उस्ताद मन्सूर याचे मानले जाते. युरोपीय चित्रकारांनी डोडोला लठ्ठ आणि बेंगरूळ करून टाकले. त्यांतील कित्येकांपुढे पेंढा भरलेले नमुने किंवा पिंजऱ्यात खाऊन सुटलेले पक्षी असावेत. मुघल चित्रातला डोडो त्या मानाने सडपातळ आहे आणि अभ्यासक त्यालाच अधिक विश्वसनीय मानतात.

हा पक्षी ज्या बेटाचा, ते मॉरिशस मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ९०० किलोमीटरवर, ज्वालामुखीतून वर आलेले. तिथवर पोहोचलेले मूळचे सस्तन प्राणी म्हणजे केवळ वटवाघळे. शिकारी श्वापद नाही, मग उडायचे कुणाच्या भयाने? कबुतराच्या कुळातील एका पक्ष्याने पंखांचा उपयोग सोडला, तो जमिनीवर घरटे करू लागला आणि आकाराने वाढत गेला. आबनुसाच्या रानांतून महाकाय कासवे संथपणे चरत असत. या व्यवस्थेला मूर्खपणा म्हणणे हा निव्वळ उद्धटपणा आहे. लाखो वर्षे ती उत्तम चालली होती.

१५९८ मध्ये डच तिथे उतरले आणि त्यांनी राजपुत्र मॉरिस याचे नाव बेटास दिले. खलाशांनी डोडो मारून खाल्ले, पण मांस त्यांना फारसे रुचले नसावे. त्यांनी पक्ष्याला दिलेल्या ‘वालखवोगेल’ या नावाचा अर्थच ‘किळसवाणा पक्षी’ असा होतो. डोडो माणसांनी खाऊन संपवला, ही लोकप्रिय समजूत म्हणूनच अपुरी आहे. डचांची वसाहत लहान होती आणि बेट दाट अरण्याने व्यापलेले. खरा घात केला तो जहाजांतून उतरलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी. जमिनीवर उघडे पडलेले अंडे त्यांच्यासाठी आयतेच होते. १६६२ मध्ये जहाज फुटून अडकलेल्या फोल्कर्ट एव्हर्ट्स याने किनाऱ्यालगतच्या एका लहान बेटावर डोडो पाहिले. सर्वसाधारणपणे हीच शेवटची खात्रीलायक नोंद धरली जाते. डच त्या वेळी वसाहत सोडून गेलेले होते. ते १६६४ मध्ये परतले आणि १७१० मध्ये कायमचे निघून गेले.

डोडो गेला तरी अरण्य बव्हंशी उभे होते. ते नाहीसे झाले उसापायी. ऊस डचांनीच जावाहून आणला होता. फ्रेंचांनी त्याचे मळे वाढवले आणि पुढे इंग्रजांचा अंमल आल्यावर १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या बरोबरीस आली. मग डोंगरउतारांपर्यंत रान तुटत गेले. गुलामगिरी संपताच १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले जाऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातील मराठी लोकही होते आणि त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये नांदतात. ज्या हातांनी तिथली जमीन कसली, त्यांत मराठी हातही होते. रान किती तोडायचे, हे मात्र मळेवाल्यांच्या आणि लंडनच्या बाजारभावांच्या हाती होते, त्या हातांच्या नव्हे. आज चांगल्या स्थितीतले मूळ अरण्य बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे.

अरण्याबरोबर पाखरेही आटली. १९७४ मध्ये मॉरिशसचा खरूची ससाणा रानात अवघ्या चारांवर आला होता. अधिवास गेलाच होता, त्यात हिवतापाविरुद्ध फवारलेल्या डीडीटीची भर पडली. वेल्श जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरट्यांतून अंडी उचलून ती कृत्रिमरीत्या उबवली आणि मादीला पुन्हा अंडी घालण्यास भाग पाडले. १९९० च्या सुमारास जेमतेम दहावर आलेले गुलाबी कबूतरही असेच सावरले. आज या दोन्ही पक्ष्यांची संख्या काही शेंवर आहे.

सर्वांत विलक्षण प्रयोग आग्नेय किनाऱ्याजवळच्या इल ऑ एग्रेत या सुमारे २६ हेक्टरांच्या बेटावर झाला. मॉरिशसची महाकाय कासवे तर केव्हाच संपली होती. त्यांच्या जागी २००० साली सेशेल्समधील अल्दाब्रा प्रवाळबेटाची कासवे आणून सोडली गेली. ती आबनुसाची फळे खातात, बी पोटातून दूरवर नेऊन टाकतात आणि कासवाच्या पोटातून आलेले हे बी अधिक चांगले रुजते. ज्या जागी लाकूडतोडीनंतर आबनुसाचे नवे झाड उगवतच नव्हते, तिथे आता रोपे दिसू लागली आहेत.