वडिलांना प्रोस्टेट कॅन्सर : पहिल्या महिन्यात घरच्यांनी काय करावे?

ठाणे, प्रतिनिधी

साठी-पासष्टी ओलांडलेले वडील रात्री तीन-चार वेळा लघवीसाठी उठतात. 'वयोमानाप्रमाणे चालायचेच' म्हणून महिने जातात आणि एक दिवस ठाण्यातल्या वा डोंबिवलीतल्या एखाद्या लॅबचे पाकीट मुलाच्या हाती पडते. आधी वाढलेला पीएसए, त्यापाठोपाठ बायोप्सी आणि तिच्या अहवालात 'ॲडिनोकार्सिनोमा' हा शब्द. त्या संध्याकाळी अनेक घरांत दोन गोष्टी घडतात. 'बाबांना इतक्यात काही सांगू नका' असे ठरून पाकीट कपाटात जाते. आणि दुसरीकडे ऑपरेशनची तारीख मिळवण्यासाठी धावपळ सुरू होते. दोन्ही गोष्टी मायेपोटीच होतात. पण या आजारात त्या बहुधा चुकीच्या ठरतात.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाभोवती असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. उतारवयात ती वाढते आणि लघवीचा त्रास सुरू होतो. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. उलट, सुरुवातीच्या अवस्थेतला कॅन्सर बहुधा कोणतेही लक्षण दाखवत नाही. पीएसए हे याच ग्रंथीत तयार होणारे प्रथिन. रक्तातील त्याचे प्रमाण मिलिलिटरला चार नॅनोग्रॅमपेक्षा जास्त असले की पुढील तपासणीचा विचार होतो, परंतु जंतुसंसर्गाने वा नुसत्या वाढलेल्या ग्रंथीनेही ते वाढते. त्यामुळे पीएसएच्या एका आकड्यावर घर हादरून जाण्याचे कारण नाही.

बायोप्सीच्या अहवालात शोधायचा तो 'ग्लीसन स्कोअर'. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत मांडली. ६ म्हणजे सौम्य, ७ मध्यम, ८ ते १० आक्रमक. त्यातही ७ हा आकडा ३+४ असा आला की ४+३ असा, याने फरक पडतो. पहिला तुलनेने बरा. हा स्कोअर, पीएसए आणि एमआरआय, बोन स्कॅन किंवा पीएसएमए पेट स्कॅन यांतून दिसलेला प्रसार या तिन्हींवर पुढचे सारे अवलंबून असते. ही माहिती हाती येण्याआधी ऑपरेशनची तारीख ठरवणे म्हणजे घोड्यापुढे गाडी जुंपणे होय.

आजार ग्रंथीपुरता मर्यादित असेल तर विचाराला वेळ असतो. ब्रिटनमधील 'प्रोटेक्ट' या अभ्यासात १९९९ ते २००९ या काळात निदान झालेल्या १,६४३ पुरुषांची शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि केवळ देखरेख अशा तीन गटांत विभागणी झाली. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिन्ही गटांत प्रोस्टेट कॅन्सरने दगावलेल्यांचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपासच होते. देखरेखीच्या गटात आजार पसरण्याचे प्रमाण मात्र इतरांच्या जवळपास दुप्पट होते आणि त्यातील निम्म्याहून अधिक जणांना पुढे कधीतरी उपचार घ्यावेच लागले, हेही सांगायला हवे. नेल्सन मंडेला यांना २००१ मध्ये, वयाच्या ८३व्या वर्षी, हा कॅन्सर असल्याचे निदान झाले. त्यांनी सात आठवडे रेडिएशन घेतले आणि त्यानंतर बारा वर्षे ते जगले.

आपल्याकडे मात्र आजार पसरल्यानंतर निदान होणाऱ्यांची संख्या मोठी आहे. कंबरेत, पाठीत सतत दुखणे, पायांतली शक्ती अचानक कमी होणे, लघवी अडणे अशी लक्षणे असतील तर तो थांबण्याचा काळ नव्हे. मणक्यावर दाब आला असण्याची शक्यता असते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

निर्णय कोणाचा?

वडिलांपासून निदान लपवू नये, याचे कारण केवळ नैतिक नाही. उपचारांच्या प्रत्येक मार्गाची वेगळी किंमत असते. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे वा महिने लघवीवरचा ताबा सैल राहतो, लैंगिक क्षमता कमी होऊ शकते. रेडिएशनमध्ये आतड्याचा त्रास संभवतो. देखरेखीचा मार्ग घेतला तर शरीराला इजा नाही, पण दर काही महिन्यांनी पीएसए आणि अधूनमधून पुन्हा बायोप्सी, ही टांगती तलवार राहते. यांतले काय सोसवेल आणि काय नाही, हे सत्तरीच्या गृहस्थाखेरीज दुसरे कोण सांगणार? मुलगा 'काढूनच टाका' म्हणतो, कारण मुलाला भीती वाटते.

यातला एक विषय वडील मुलासमोर कधीच काढणार नाहीत. तेव्हा डॉक्टरांकडे गेल्यावर मुलाने किंवा मुलीने थोडा वेळ बाहेर जाऊन बसावे आणि आईवडिलांना डॉक्टरांशी एकटे बोलू द्यावे. ही साधी गोष्ट, पण आपल्या घरांत ती कोणाला सुचत नाही.

परळ, खारघर आणि लोकल

दुसरे मत घेण्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. बायोप्सी करणाऱ्या लॅबकडून मूळ स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्यावेत. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत ते पुन्हा तपासले जातात आणि कधी कधी स्कोअर बदलतोही. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथे जनरल आणि प्रायव्हेट अशा दोन वर्गांत नोंदणी होते. त्याच संस्थेचे खारघरचे केंद्र ठाणेकरांना ठाणे-पनवेल लोकलने गाठता येते.

रेडिएशन पूर्वी सात-आठ आठवडे चालत असे. आता अनेक रुग्णांना ते सुमारे चार आठवड्यांत, काहींना अवघ्या पाच वेळांत दिले जाते. प्रत्येक वेळी मूत्राशय ठराविक प्रमाणात भरलेले असावे लागते आणि आपल्या लोकलमध्ये शौचालय नसते. म्हणून पाणी घरून पिऊन निघू नये, रुग्णालयात पोचल्यावर तेथील सूचनेप्रमाणे प्यावे. परतीला, मार्च २०१९ पासून परळहूनच सुटणाऱ्या कल्याण दिशेच्या लोकलची वेळ साधली तर बसायला जागा मिळते. आवश्यक दाखला असल्यास कॅन्सरच्या रुग्णाला दिव्यांगांच्या डब्यातून प्रवास करता येतो, हे अनेकांना ठाऊक नसते.

खर्चाचे म्हणाल तर, वडील रेल्वेतून निवृत्त असतील तर कल्याण आणि भायखळ्याची रेल्वे रुग्णालये हा पहिला दरवाजा. सत्तरी पूर्ण केलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना आहेच. मात्र दोन्ही योजना संलग्न रुग्णालयांतच चालतात, तेव्हा दाखल होण्याआधी तेथील आरोग्यमित्राला भेटावे.

घरातले दिवस

आजार पसरलेला असेल तर हार्मोनचे उपचार दिले जातात. पुरुषी संप्रेरक तोडले की हा कॅन्सर मागे हटतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९६६चे नोबेल मिळाले. इंजेक्शने महिन्याने, तीन वा सहा महिन्यांनी घ्यावी लागतात. वृषण काढण्याची छोटी शस्त्रक्रिया एकदाच आणि स्वस्तात होते, पण मनाला ती जड जाते. या उपचारांत अंगातून गरम वाफा निघतात, हाडे ठिसूळ होतात, थकवा येतो, स्वभाव हळवा किंवा चिडका होतो. काल कडक असलेले वडील मालिका पाहताना डोळे पुसू लागले तर घरच्यांनी त्याचा गवगवा करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजचे चालणे आणि हलके वजन उचलणे हाडांसाठी औषधाइतकेच कामाचे.

तलावपाळीच्या कट्ट्यावर मित्रांनी सुचवलेला काढा सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगावे. कट्टा मात्र सोडू देऊ नये. त्या टोळक्यात लघवीच्या गळतीसाठी पॅड वापरणारे आणखी दोघे तरी निघतात, आणि ते मुलापेक्षा अधिक मोकळेपणाने बोलतात.

वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा आजार असेल तर पुरुषाचा स्वतःचा धोका साधारण दुप्पट होतो. घराण्यात स्तनाच्या वा बीजकोषाच्या कॅन्सरच्या स्त्रियाही असतील तर बीआरसीए जनुकांच्या तपासणीविषयी विचारावे. वडिलांच्या फाइली घेऊन हिंडणाऱ्या मुलाने पंचेचाळिशीच्या सुमारास आपल्याही पीएसएबद्दल त्याच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.