गृहसंगणक : दोष व दोषनिवारण

घरगुती वापराच्या संगणकात उद्भवणारे दोष ओळखणे, ते दूर करणे व पुन्हा उद्भवू नयेत म्हणून काळजी घेणे, यासंबंधीच्या व्यावहारिक ज्ञानास गृहसंगणकाचे दोषनिवारण म्हणता येईल. मोठ्या संस्थांतील संगणकांच्या देखभालीसाठी प्रारंभापासून प्रशिक्षित अभियंते नेमलेले असत आणि यंत्र बिघडल्यास इतरांनी त्याला हात लावू नये, अशीच सर्वसाधारण पद्धत होती. १९७५ नंतर संगणक घरात आला, तेव्हा अभियंता त्याच्याबरोबर आला नाही. साहजिकच यंत्राच्या अंतर्रचनेशी परिचय नसलेल्या माणसावर दुरुस्तीची जबाबदारी येऊन पडली आणि त्याच्यासाठी सूचना, युक्त्या व ठोकताळे यांचे एक स्वतंत्र भांडार निर्माण झाले. यातील बहुतेक सूचनांमागे विशिष्ट यंत्राचा विशिष्ट दोष असतो. यंत्र बदलते, सूचना मात्र पुष्कळदा मागे उरते व कारण विसरले जाऊन एखाद्या व्रतासारखी पाळली जाते. गृहसंगणकाच्या दोषनिवारणाचा इतिहास हा बऱ्याच अंशी अशा सूचनांच्या जन्माचा आणि त्यांच्या अकारण दीर्घायुष्याचा इतिहास आहे.

संगणकाच्या दोषाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याची प्रथा संगणकाहून जुनी आहे. टॉमस आल्वा एडिसन यांच्या १८७८ मधील एका पत्रात हा शब्द याच अर्थाने आलेला आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्व्हर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या संगणकाच्या एका रिलेमध्ये पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. या प्रसंगावरून शब्द निघाला, ही समजूत रूढ असली, तरी बरोबर नाही. खराखुरा किडा सापडल्याचे हे पहिलेच उदाहरण, असा शेरा नोंद करणाऱ्याने मारला आहे. त्या अर्थी शब्द त्याच्या ओळखीचा होता.

अल्टेअर ८८०० हा संगणक पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स या अमेरिकी मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या अंकाद्वारे प्रसिद्धीस आला. तो मुख्यतः सुट्या भागांच्या संचाच्या रूपात विकला जाई व भाग ग्राहकाने स्वतः डाख देऊन जोडावयाचे असत. कच्चा राहिलेला डाख हाच अनेकांच्या वाट्यास आलेला पहिला दोष होता. मात्र यंत्र ज्याने जोडले त्यालाच ते दुरुस्त करावयाचे असल्याने कर्ता व दोषनिवारक यांत अंतर नव्हते. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका मोटारखान्यात भरलेली होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक अशाच हौशी मंडळींची होती. १९७७ मध्ये ॲपल-२, कमोडोर पेट व टीआरएस-८० ही तयार यंत्रे विक्रीस आली आणि खोका न उघडता संगणक वापरणारा वर्ग उदयास आला. सूचनांची खरी गरज त्याला होती.

या काळात माहिती बहुधा साध्या ध्वनिफितीवर साठवीत. आज्ञावलीचे रूपांतर उंच-सखल स्वरांत करून ती गाण्याप्रमाणे मुद्रित होई. परत वाचताना आवाज लहान असला, तर संगणकाला खुणा ओळखता येत नसत. फार मोठा असला, तर संकेत विकृत होई. ‘आवाजाची खुंटी थोडी फिरवून पुन्हा प्रयत्न करा’ हा सल्ला त्यामुळे शास्त्रशुद्ध होता. एका टेपरेकॉर्डरवर मुद्रित केलेली फीत दुसऱ्यावर वाचली जात नसेल, तर दोन्हींच्या चुंबकीय शीर्षांचा फितीशी होणारा कोन जुळत नसे. तो एक लहान मळसूत्र फिरवून जुळवावा लागे. १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या सिंक्लेअर झेडएक्स ८१ या अतिशय स्वस्त संगणकास मागील बाजूने जोडावयाची जादा स्मृतीची पेटी जरा धक्का लागताच हलत असे व तासाभराचे काम क्षणात नाहीसे होई. लोक ती रबराने बांधीत किंवा मळलेल्या डिंकाचा गोळा लावून घट्ट बसवीत. १९८० च्या ॲपल-३ या यंत्रात तापमानामुळे संकलित मंडलांच्या चिपा आपल्या खोबणीतून सैल होत. यंत्र काही इंच उचलून टेबलावर सोडून द्यावे म्हणजे त्या पुन्हा बसतील, असा उपाय कंपनीकडूनच सुचविण्यात आला होता, असे सांगितले जाते. आदळल्याने यंत्र सुधारते ही लोकश्रद्धा या एका बाबतीत तरी निराधार नव्हती.

आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला. विद्युत् पुरवठा सुरू होताच हे यंत्र स्वतःचीच तपासणी करी. सर्व ठीक असल्यास एक आखूड शिट्टी वाजे आणि दोष असल्यास शिट्ट्यांच्या संख्येवरून वा पडद्यावरील अंकावरून त्याचे स्थान कळे. यंत्राने आपले दुखणे आपण सांगण्याची ही सोय अत्यंत मोलाची होती. याच संगणकासाठी डेव्हिड ब्रॅडली यांनी कंट्रोल, आल्ट व डिलीट या तीन कळा एकदम दाबून यंत्र पुन्हा सुरू करण्याची योजना केली. प्रथम तिसरी कळ एस्केप ही होती. परंतु तिन्ही कळा डाव्या हाताने चुकून दाबल्या जाण्याची शक्यता लक्षात आल्यावर कळफलकाच्या दुसऱ्या टोकाची कळ निवडण्यात आली. मुळात ही योजना अभियंत्यांच्या सोयीसाठी होती, पण पुढे ती घरोघर पोहोचली. ‘बंद करून पुन्हा सुरू करा’ या सल्ल्याची थट्टा होत असली, तरी त्याला आधार आहे. दीर्घकाळ चाललेल्या यंत्राच्या स्मृतीत अर्धवट सोडलेल्या कामांचे अवशेष साचतात आणि पुनरारंभाने ती कोरी होते. मात्र दोषाचे कारणही त्याबरोबर पुसले जाते. म्हणून तोच दोष वारंवार उद्भवत असेल, तर हा उपाय निदानाच्या आड येतो.

नजरचुकीने पुसलेली फाइल परत मिळविणे, हा दोषनिवारणाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय. कारण यंत्र पुन्हा विकत घेता येते, त्यातील लेखन येत नाही. डॉस या प्रचालन प्रणालीत फाइल पुसण्याची आज्ञा दिली असता तिच्यातील मजकूर नष्ट होत नसे. सूचीतील तिच्या नावाचे पहिले अक्षर बदलून तेथे एक ठराविक खूण घातली जाई आणि तिने व्यापलेली जागा मोकळी असल्याची नोंद होई. ग्रंथालयाच्या सूचीतून पत्रक काढावे पण पुस्तक फडताळातच राहावे, तसा हा प्रकार होता. पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये प्रसृत केलेल्या नॉर्टन युटिलिटीज या आज्ञावलीसंचाने ही वस्तुस्थिती सामान्य माणसाच्या उपयोगी आणली. फाइल चुकून पुसली गेल्यास त्या चकतीवर काहीही नवे लिहू नये, हा नियम तेव्हापासून रूढ झाला. २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ पासून घन-अवस्था चकत्यांना मोकळ्या जागेची सूचना तत्काळ देण्याची सोय झाली व अशी चकती ती जागा लवकरच खरोखर रिकामी करते. जुन्या नियमावर विसंबून राहणाऱ्याची येथे निराशा होते. फिरत्या चकतीवरील विखुरलेले तुकडे एकत्र लावण्याची डीफ्रॅगमेंटेशन ही क्रियाही अशीच आहे. वाचनशीर्षाची धावपळ वाचविण्यासाठी ती १९९३ च्या सुमारास उपयुक्त होती. घन-अवस्था चकतीत हलणारे शीर्षच नसल्याने वेगाचा लाभ नगण्य असतो, उलट अनावश्यक लेखनाने तिचे आयुष्य खर्ची पडते.

भारतात १९८४ च्या संगणकविषयक धोरणानंतर आयात सुलभ झाली. शाळांसाठीच्या ‘क्लास’ या प्रकल्पातून ब्रिटिश बीबीसी मायक्रो ही यंत्रे आली, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून सुटे भाग जुळवून केलेले, ‘असेंबल्ड’ म्हणून ओळखले जाणारे संगणक मध्यमवर्गीय घरांत जाऊ लागले. परदेशी पुस्तिकांत न सापडणारे दोष येथे आढळत : विद्युत् दाबातील चढउतार, भारनियमन, धूळ आणि कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात फ्लॉपीच्या पृष्ठावर धरणारी बुरशी. यूपीएस ही पेटी अन्यत्र ऐच्छिक मानली जाई. येथे ती संगणकाचाच भाग होती. पादत्राणे बाहेर काढून संगणकाच्या खोलीत जाण्याच्या रिवाजाची चेष्टा बरीच झाली आहे, पण धुळीचा विचार करता तो अगदीच निरर्थक नव्हता.

संगणक विषाणूंच्या इतिहासाशीही या प्रदेशाचा संबंध आहे. ब्रेन हा आयबीएम धर्तीच्या संगणकांवरील पहिला विषाणू १९८६ मध्ये लाहोर येथे लिहिला गेला. जून १९९० मध्ये भारतात आढळलेला ‘जोशी’ हा विषाणू दर वर्षी ५ जानेवारीस यंत्र अडवून धरी आणि जोशींना वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकित केल्यावाचून पुढे जाऊ देत नसे. असे विषाणू फ्लॉपीच्या प्रारंभखंडात राहत आणि फ्लॉपी खाचेत विसरून यंत्र सुरू केले की आत शिरत. काही विषाणू तीन कळांच्या पुनरारंभानंतरही स्मृतीत टिकून राहत. म्हणून पुरवठा पूर्ण बंद करावा व लेखनबंदीची पट्टी लावलेल्या निर्दोष फ्लॉपीवरून यंत्र सुरू करावे, असे सांगितले जाई.

१९९० नंतरच्या दशकात मोडेम, ध्वनिपत्र, स्कॅनर इ. उपकरणे घरगुती संगणकास जोडली जाऊ लागली आणि त्यांच्यात आपसांत तंटे सुरू झाले. संगणकाचे लक्ष वेधण्यासाठी उपकरणांना मोजक्याच मार्गिका होत्या. माऊस पहिल्या व मोडेम तिसऱ्या क्रमिक द्वारास दिल्यास दोहोंची मार्गिका एकच होई. मग दूरध्वनी जोडला जाताच माऊस गोठे. २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ ने उपकरणे आपोआप ओळखण्याचे आश्वासन दिले, पण ते पुरतेपणी पाळले गेले नाही. २० एप्रिल १९९८ रोजी विंडोज ९८ च्या जाहीर प्रात्यक्षिकात बिल गेट्स यांच्या समक्षच स्कॅनर जोडताना निळा पडदा अवतरला. याच प्रणालीतील ‘सेफ मोड’ ही सोय मात्र टिकाऊ ठरली. तीत अत्यावश्यक भाग तेवढे सुरू होतात. त्यामुळे दोष मूळ प्रणालीत आहे की नंतर घातलेल्या वस्तूत, हे ठरविता येते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे सु. ८५ लाख संगणक बंद पडले, तेव्हाही सेफ मोडमध्ये शिरून एक फाइल काढून टाकणे हाच मुख्य उपाय होता. ती आज्ञावली संस्थांसाठीची असल्याने घरगुती संगणक बहुतांशी बचावले.

मराठी लिहिणाऱ्यास आणखी एका दोषाशी झगडावे लागले. श्रीलिपी, आकृती इ. जुन्या योजनांत देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या जागी बसविलेल्या असत. तोच टंक दुसऱ्या संगणकावर नसल्यास पत्र रोमन चिन्हांचा निरर्थक ढीग होऊन उघडे. कळफलकाची इन्स्क्रिप्ट मांडणी १९८६ मध्ये, तर इस्की ही भारतीय संकेतप्रणाली १९९१ मध्ये प्रमाणित झाली. पुणे येथील सी-डॅक या संस्थेने या क्षेत्रात मोठे काम केले. तथापि घरगुती वापरात एकवाक्यता आली ती युनिकोडमुळे. विंडोज एक्सपी (२००१) मध्ये युनिकोड देवनागरी होती, पण जटिल लिपींची सोय मूळ सीडी घालून मुद्दाम सुरू करावी लागे. ती न केल्यास ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन बसे, जोडाक्षरे फुटत आणि वापरणारा आपल्याच टंकलेखनास दोष देई. ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतील भेद राखण्यासाठी युनिकोडात ऱ हे अक्षर वेगळे असून इन्स्क्रिप्टमध्ये ते शिफ्टसह जे या कळीवर मिळते. ही एवढी माहिती नसल्याने कित्येक मराठी मजकुरांत डोंगरांमधील दऱ्यांचे समुद्र झाले आहेत.

आंतरजालाबरोबर दोषनिवारणाचे स्वरूप पालटले. ऑगस्ट २००३ मधील ब्लास्टर या कृमीस कोणतीही फाइल उघडण्याची गरज नव्हती. जोडलेले असणे पुरेसे होते. मे २०१७ मधील वॉनाक्राय या खंडणीखोर आज्ञावलीने जोडून ठेवलेल्या चकत्यांवरील प्रतीही कुलूपबंद केल्या. महत्त्वाच्या लेखनाची एक प्रत संगणकापासून अलग, शक्यतो दुसऱ्या जागी ठेवावी, ही सूचना फ्लॉपीच्या काळापासून आजतागायत कारणासह टिकून आहे. उलट, परवलीचा शब्द ठराविक मुदतीने बदलण्याची सक्ती करू नये, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविज्ञान संस्थेने २०१७ मध्ये स्पष्ट केले. सक्तीमुळे लोक जुन्याच शब्दाला पुढचा अंक जोडतात, हे अनुभवास आले होते.

घरगुती वापरणाऱ्याच्या अज्ञानावर एक लबाड धंदाही उभा राहिला. प्रख्यात कंपनीचा तंत्रज्ञ म्हणून दूरध्वनी करावयाचा, विंडोजच्या घटना-नोंदवहीतील किरकोळ व नेहमीच्या त्रुटी उघडून दाखवून घाबरवावयाचे आणि दुरुस्तीच्या नावाखाली पैसे उकळावयाचे, अशी ही रीत. यातील अनेक दूरध्वनी भारतातून होत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०१२ मध्ये अशा टोळ्यांविरुद्ध सहा दावे दाखल केल्याचे जाहीर केले. त्या नोंदवहीत निरोगी संगणकावरही त्रुटी दिसतातच, एवढी एकच गोष्ट ठाऊक असती, तर पुष्कळ वृद्धांची फसवणूक टळली असती.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपुष्टात आला. विंडोज ११ (२०२१) साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा व बहुधा २०१८ नंतरचा प्रक्रियक आवश्यक असल्याने अनेक सुस्थितीतील यंत्रांवर ही प्रणाली अधिकृतपणे चढविता येत नाही. अशा यंत्राच्या मालकासमोर मुदतीपुरते वाढीव सुरक्षा-अद्ययावतीकरण घेणे, लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसविणे किंवा नवा संगणक घेणे हे पर्याय राहतात.